साडूचा हातगुण

आमच्या कंपनीत त्याला सगळे गणिती म्हणतात. हे नाव काही कौतुकाने पडलेलं नाही. औषधं शोधणाऱ्या कंपनीत ज्याला रसायनशास्त्र येत नाही त्याला काहीतरी म्हणावं लागतं, आणि हा शिकला होता गणित. वय चव्वेचाळीस, केस मागे सरकत चाललेले, दोन स्वेटर. त्यातला एक कायम ऑफिसच्या खुर्चीच्या पाठीवर. तिसऱ्या मजल्यावर खिडकीला लागून त्याचं टेबल आहे आणि त्याच्यासमोर माझं. मी पेटंटची कागदपत्रं सांभाळतो, म्हणजे दुसऱ्यांना काय सुचलं याची तारीखवार नोंद ठेवतो. या धंद्यात मत्सर फार जवळून बघायला मिळतो.

गणिती मॉडेलं बनवतो. म्हणजे मशीनला कंपनीच्या जुन्या नोंदी वाचायला लावतो: अमुक रेणू बनवला, अमुक रोगाच्या प्रथिनावर टाकून पाहिला, लागू पडला किंवा नाही पडला. बारा वर्षांच्या अशा चाळीस हजार नोंदी वाचून झाल्या की मशीन नव्या, अजून कोणी न बनवलेल्या रेणूला मार्क देतं. हा लागू पडायची शक्यता शंभरात इतकी. एक रेणू प्रयोगशाळेत बनवायला दोन-तीन आठवडे जातात, आणि कागदावर काढता येण्यासारखे रेणू मोजायला बसलं तर सूर्य विझेल. तेव्हा कोणते बनवायचे आणि कोणते सोडायचे हे कोणालातरी ठरवावं लागतं.

आमच्याकडे हा कोणीतरी म्हणजे गणितीचा साडू.

साडू हे नातं मोठं चमत्कारिक. भाऊ नशिबाने मिळतो, मित्र आपण निवडतो. साडू दुसऱ्याच बाईने निवडलेला असतो, आणि निवडताना तिच्या मनात तुमचा विचारही नसतो. एका घरातल्या दोन मुलींनी दोन अनोळखी पुरुषांशी लग्न केलं, एवढ्या भांडवलावर त्या दोघांनी जन्मभर शेजारी शेजारी उभं राहून उंची मोजून घ्यायची. त्यात हे दोघे एकाच कंपनीत. साडू दुसऱ्या मजल्यावर, रसायनविभागात, वीस वर्षांपासून. सहा वर्षांपूर्वी इथे जागा आहे हे गणितीला त्यानेच सांगितलं, शब्दही त्यानेच टाकला. उपकारासारखं खत मत्सराला दुसरं नाही.

सासूबाईंनी या परिस्थितीचं सार एका वाक्यात काढलं होतं. शेजारणींना त्या सांगायच्या, थोरले जावई औषधं शोधतात, धाकटे तिथेच कॉम्प्युटरवर असतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर हाक मारायला जवळ कोणी असावं, तसे. पुढे कंपनीने सांध्यांच्या सुजेवरच्या औषधाचं काम हाती घेतलं तेव्हा, थोरले जावई माझ्या गुडघ्यावर काम करताहेत, असंही त्या सांगू लागल्या. धाकटेही त्याच गुडघ्यावर काम करत होते, पण ते कॉम्प्युटरवर.

साडूला हातगुण आहे, असं कंपनीत सगळे मानतात. एखाद्या डॉक्टरच्या हाताला असतो तसा. फ्यूम हूडच्या, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या त्या कपाटाच्या काचेवर तो मार्करने रेणू काढतो, दोन पावलं मागे जातो, मान तिरकी करतो, एका कोपऱ्यातलं काहीतरी बोटाने पुसतो आणि तिथे दुसरं काढतो. तीन आठवड्यांनी तो रेणू लागू पडतो. नेहमी नाही, पण इतरांपेक्षा इतका जास्त वेळा, की कारण विचारायचं लोकांनी सोडून दिलं. त्याला विचारलं तर म्हणायचा, "बरा दिसला म्हणून काढला." गणितीला या उत्तराने ताप यायचा. आपण चाळीस हजार नोंदी वाचायच्या, आणि ह्याला बरं दिसतं.

साडूबद्दल तो कधी वाईट बोलला नाही, हेही सांगायला हवं. साडूचं नाव निघालं की तो फक्त खुर्चीवरचा स्वेटर अंगात घालायचा.

खरं दुखणं होतं निळ्या पेन्सिलीचं. गणितीचं मॉडेल दर तिमाहीला पन्नास रेणूंची यादी काढायचं. ती छापून दुसऱ्या मजल्यावर जायची, आणि साडू जाड निळ्या पेन्सिलीने तिच्यातले रेणू खोडायचा. रागाने नाही, चहा पिता पिता, भाजी निवडावी तसा. समासात शेरे असायचे. "पाण्यात तुटेल." "बनेल, पण बनवणारा राजीनामा देईल." एकदा नुसतंच, "अरे देवा." पन्नासातले दोन उरायचे, कधी तीनही, आणि ते दोन साडूच्या यादीच्या तळाशी जोडले जायचे. सहा वर्षांत गणितीच्या यादीतला एकही रेणू पुढच्या पायरीवर गेला नव्हता. त्या सगळ्या निळ्या याद्या त्याने खालच्या खणात जपून ठेवल्या होत्या. पत्रं जपतात तशा.

मग विभागप्रमुख बाईंनी एका मंगळवारी ठरवलं, की सांध्यांच्या कामासाठी या फेरीत चोवीस रेणू बनतील. बारा साडूच्या मनाचे, बारा मॉडेलच्या मनाचे. ज्या बाजूचे जास्त लागू पडतील, त्या बाजूने पुढचं वर्षभर यादी ठरवायची, दुसऱ्या बाजूने मदत करायची. साडूने मॉडेलची यादी फक्त एवढ्यासाठी बघायची, की रेणू बनवता येण्याजोगे आहेत ना. आवडनिवड चालणार नाही.

कामातली अडचण सगळ्यांना माहीत होती. आतापर्यंतचे चांगले रेणू प्रथिनावर लागू पडत, पण यकृत त्यांना अर्ध्या तासात फोडून टाकी. गोळी गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत संपायची. सासूबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं.

गणितीने नवीन मॉडेल बांधलं. आठ आठवडे तो जेवताना वर बघत नव्हता. पद्धत नेहमीचीच होती: सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसायच्या, मोठा ढीग मशीनला शिकायला द्यायचा, लहान ढीग झाकून ठेवायचा आणि त्याच्यावर परीक्षा घ्यायची. या मॉडेलला परीक्षेत शंभरात एक्क्याण्णव मिळाले. आधीच्यांना सत्तरच्या वर कधी मिळाले नव्हते. बाईंनी आकडा दोनदा विचारला. गणितीने दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, कारण जिन्यावरून साडू वर येत होता.

बारा रेणूंची यादी गुरुवारी सकाळी खाली गेली, दुपारी परत आली. तिच्यावर एकही निळी रेघ नव्हती.

गणितीने कागद उलटून मागची बाजू बघितली. खिडकीकडे धरून बघितला. मग मला दाखवला. मी म्हटलं, अभिनंदन. त्याच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत मी न पाहिलेलं काहीतरी आलं आणि साधारण चार मिनिटं टिकलं. चार मिनिटांनी साडू स्वतः आला, टेबलाच्या कडेला टेकला आणि अगदी मनापासून बोलला. तो माणूस वाईट नाही, हीच गणितीची मोठी अडचण होती.

"छान आहे रे यादी," साडू म्हणाला. "मी काढली असती तर हीच काढली असती."

तो गेल्यावर गणितीने स्वेटर घातला.

त्या संध्याकाळी त्याची बायको जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवते. एका वहीवर नाव नव्हतं. तिने पान उघडलं, कडेला आठ मार्क टाकले आणि मग वाचायला लागली. गणिती समोर बसून यादीकडे बघत होता. त्याने वर बघितलं.

"वाचायच्या आधीच मार्क दिलेस?"

"अरे, मागच्या बाकावरच्या उंच मुलीची वही आहे. एवढं गोल अक्षर दुसरं कोणी काढत नाही. तिची आहे म्हणजे आठ असणारच."

"आणि चुकलं असेल तर?"

"तिचं चुकत नाही," बायको म्हणाली, आणि पुढची ओळ वाचून तिने आठाचे सहा केले.

गणिती जेवला नाही असं नाही, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी त्याने एक दुसरं, पोरकट म्हणावं इतकं लहान मॉडेल बनवलं. औषधाबद्दल त्याला काही विचारलं नाही. रेणू दाखवून एकच प्रश्न: हा कोणी बनवला असेल? बारा वर्षांत कंपनीत तीस रसायनवाले येऊन गेले होते. बाकीच्यांचे मॉडेलला धड ओळखता येईनात, पण साडूचे रेणू त्याने दहात नऊ वेळा ओळखले. साडूला काही सवयी होत्या. रेणूच्या शेपटाला तो सहा कोनांचं एक छोटं कडं जोडायचा, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात एक फ्लोरिन ठेवायचा, सहीखाली टिंब द्यावं तसं. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. त्याला तसं बरं दिसायचं.

मग गणितीने सगळ्यात वाईट गोष्ट करून बघितली. ज्या रेणूवर साडूचा हात दिसेल त्याला भरपूर मार्क, बाकीच्यांना कमी; रसायनशास्त्राचा एक शब्द नाही. ह्या पद्धतीला परीक्षेत सत्त्याऐंशी पडले.

आठ आठवड्यांच्या मॉडेलचे एक्क्याण्णव, आणि नुसतं साडूला ओळखायचे सत्त्याऐंशी. मधले चार मार्क एवढी गणितीची कमाई.

नोंदींमध्ये दोष नव्हता, पिसण्यात होता. साडूच्या रेणूंच्या हजारो नोंदी दोन्ही ढिगांत पडल्या होत्या, त्यामुळे परीक्षेत मॉडेलला तीच उंच मुलगी भेटत होती. साडूला कामं मिळायची तीही पिकत आलेली. कच्ची कामं नव्या लोकांच्या वाट्याला, आणि त्यांचे रेणू बहुतेक वाया जायचे. नोंदवहीत हे सगळं एकच दिसतं: ह्याचं लागू पडतं, त्यांचं पडत नाही. मशीनने शहाण्या माणसासारखा विचार केला होता. प्रथिन समजून घेण्यापेक्षा साडूला समजून घेणं सोपं होतं. सासूबाईही याच मार्गाने त्याच निष्कर्षाला आल्या होत्या, आणि त्यांना आठ आठवडे लागले नव्हते.

हे मला त्याने शुक्रवारी चार वाजता सांगितलं, आणि सांगताना तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. सहा वर्षं ज्या माणसाच्या पेन्सिलीतून सुटायला त्याने यंत्र बांधलं, ते यंत्र त्याच माणसाचं शिष्य निघालं होतं, आणि तेही गुरूवर आंधळी श्रद्धा असलेलं.

रविवारी साडूकडे जेवण होतं. सासूबाई पंख्याखालच्या खुर्चीवर, पाय स्टुलावर. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारावर एक मांजर लावलेलं होतं. साडूने आपल्या सात वर्षांच्या मुलीसाठी गमतीने काढलेला तो रेणू होता. दोन कडी म्हणजे कान, मधलं मोठं कडं म्हणजे पोट, आणि लांब साखळीची शेपटी. रसायनशास्त्राच्या सगळ्या नियमांत बसणारं मांजर. फक्त कुठल्याच उपयोगाचं नाही. शेपटीच्या टोकाला ते नेहमीचं सहा कोनांचं कडं होतं. एका कानावर फ्लोरिन होता.

पाणी घ्यायच्या निमित्ताने गणिती आत गेला आणि कागदी रुमालावर मांजर उतरवून घ्यायला लागला.

"काय लिहिताय हो?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं. त्यांचे गुडघे गेले आहेत, नजर नाही.

"एक पत्ता लिहून घेतोय," तो म्हणाला.

"थोरल्यांना विचारा की. त्यांना सगळे पत्ते पाठ असतात."

सोमवारी त्याने मांजर मॉडेलला दाखवलं. मॉडेलने मांजराला अठ्ठ्याऐंशी मार्क दिले. गणितीच्या आयुष्यातल्या कुठल्याही रेणूला निळ्या पेन्सिलीकडून एवढा मान मिळाला नव्हता.

अंतिम यादी द्यायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती, आणि इथे त्याची खरी पंचाईत होती. गप्प बसणं सोपं होतं. यादी चांगली होती. साडूसारखी होती, म्हणजे चांगलीच असणार. बारातले सहा-सात लागू पडले असते, कदाचित खुद्द साडूच्या बारांपेक्षा जास्तही, कारण शिष्य कधी कधी गुरूपेक्षा जास्त गिरवतो. पुढचं वर्षभर यादी गणितीने ठरवली असती आणि निळी पेन्सिल कायमची खणात गेली असती. कोणाला कळलं नसतं. मला कळलं होतं, पण मी पेटंटवाला. गप्प बसणं हा आमचा धंदाच आहे.

दुपारी त्याने बायकोला फोन केला. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती, पण त्याने सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मला एक सांग. तुला भाऊजींचा राग येतो, की ते बरोबर असतात याचा?"

तो म्हणाला, मीटिंग आहे.

साडेचारला तो बाईंच्या खोलीत गेला. लोक पुढे म्हणाले, केवढा प्रामाणिक माणूस. मीही म्हणालो. पण मी त्याच्यासमोर सहा वर्षं बसलेला आहे. प्रामाणिकपणा त्याच्यात आहे, नाही असं नाही. पण त्या दिवशी जिना चढून गेला तो मत्सर. जिंकलो तरी तो साडूच जिंकेल, फक्त माझ्या नावाने, ही कल्पना त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. हरायचं तर निदान आपल्या हाताने.

त्याने बाईंना तिन्ही आकडे दाखवले, आणि मग मांजर दाखवलं. बाईंनी रुमाल आडवा-उभा धरून मांजर बघितलं.

"म्हणजे तुझी यादी वाईट आहे?"

"नाही. चांगली आहे."

"मग अडचण काय?"

"ती माझी नाही," गणिती म्हणाला. "त्यांचीच आहे. तुम्ही चोवीसच्या चोवीस रेणू एकाच माणसाचे बनवणार आहात. यकृत ते चोवीसही अर्ध्या तासात फोडेल, कारण त्या माणसाचे रेणू आतापर्यंत त्याने फोडलेलेच आहेत."

हे शेवटचं वाक्य त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. मत्सरी माणसाला समोरच्याचा दोष बरोबर सापडतो. फार शोधावा लागतो एवढंच. बाईंनी त्याला दहा दिवस दिले.

दहा दिवसांत त्याने नोंदींचे ढीग पुन्हा लावले. या वेळी साडूने बनवलेला एकूण एक रेणू काढून टाकला. शिकताना साडू नाही. मशीनला साडू नावाचा माणूस जन्मालाच आला नाही असं जग दाखवलं. गणितीने मला सांगितलं, की हे काम त्याने फार प्रेमाने केलं. मॉडेलचे मार्क एक्क्याण्णववरून चौसष्टवर आले. साडूशिवायचं जग तेवढ्याच लायकीचं होतं.

नवी यादी निघाली ती बघवत नव्हती. कडी नको तिथे जोडलेली, साखळ्या अर्ध्यात वळलेल्या. दुसऱ्या मजल्यावरून ती परत आली तेव्हा बारापैकी अकरांवर निळी रेघ होती, आणि या वेळी ती योग्यच होती: त्यातले चार बनवताच येत नव्हते, बाकीच्यांना वर्ष लागलं असतं. बाराव्यावर रेघ नव्हती, प्रश्नचिन्ह होतं. शेजारी शेरा होता: "कुरूप. पण दोन पायऱ्यांत बनेल. बनवून टाकू." उरलेल्या अकरा जागा बाईंनी साडूला दिल्या.

तर चोवीसात तेवीस साडूचे आणि एक कुरूप. गणितीने ती यादीही खालच्या खणात ठेवली, सगळ्यांत वर.

तीन महिन्यांनी निकाल आले. साडूच्या तेवीसपैकी दहा लागू पडले, एक तर फारच छान. हातगुण तो हातगुण. कुरूप रेणूही लागू पडला. त्या दहांपेक्षा कमी, जेमतेम पास. हिशोब सरळ होता, पुढच्या वर्षी यादी साडूच ठरवणार. गणितीने स्वेटर अंगात घातला, काढला, आणि आठवड्याभराने यकृताच्या अर्कातली चाचणी आली तेव्हा तो पुन्हा हातात घेऊन बसला होता. साडूचे दहाही रेणू अर्ध्या तासात संपले होते. कुरूप रेणू सहा तासांनी जवळपास होता तसा होता.

बाई स्वतः खाली जाऊन साडूला हे सांगून आल्या. त्या दिवशी साडू वर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तो भेटला रविवारी, स्वतःच्याच घरी. जेवणं झाली होती. बहिणीबहिणी आत बोलत होत्या. सासूबाईंना कुठूनतरी समजलं होतं, की गुडघ्याच्या कामात काहीतरी चांगलं झालं, आणि त्यांनी थोरल्या जावयांना दोनदा आशीर्वाद दिला होता. थोरल्यांनी तो मुकाट्याने घेतला होता. मग साडूने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. त्याच्यावर तो कुरूप रेणू काढलेला होता. एकदा नाही, आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी, पुसून पुन्हा, जाड निळ्या पेन्सिलीने. कुठेतरी शेपटीला ते सहा कोनांचं कडं जोडून बघितलेलं होतं आणि खोडलेलं होतं. आपलंच.

"वीस वर्षांत मला हे सुचलं नसतं," साडू म्हणाला. "जोड इथे का घातला? ह्या बाजूला का वळवलं? मी हे काचेवर काढलं असतं तर हसून पुसलं असतं." त्याचा आवाज साधाच होता, पण ओठांच्या कडेला काहीतरी खाली खेचलं गेलं होतं, आणि नजर कागदावरून हटत नव्हती. "हे सुचलं कसं?"

गणितीने तो चेहरा ओळखला. दाढी करताना सहा वर्षं रोज सकाळी तो आरशात बघत आला होता. साडूच्या पोटात दुखत होतं. हा आनंद एवढा अचानक आला, की त्याला पाण्याचा घोट घ्यावा लागला. सासूबाई, साडूची बायको, फ्रिजवरचं मांजर, सगळ्यांबद्दल त्याला एकदम माया वाटली. थोरला भाऊ असता तर त्याला मिठी मारली असती, असं त्याने मला नंतर सांगितलं. साडूला मारता येत नाही. उत्तर द्यायच्या आधी त्याने मोठेपणाने थोडी वाट बघितली.

"मला नाही सुचलं," तो नम्रपणे म्हणाला.

"ते माहीत आहे रे," साडू म्हणाला. त्याने वर बघितलंच नाही. "तुला कसं सुचेल. मी त्याचं विचारतोय. मॉडेलचं."

गणितीने पाणी संपवलं.

सोमवारपासून साडू रोज चार वाजता तिसऱ्या मजल्यावर येतो. पेन्सिल आणत नाही. गणितीच्या खुर्चीवर बसतो, कारण दोन्ही स्क्रीन तिथून दिसतात, आणि मॉडेलला काहीबाही काढून दाखवतो. हे काढलं तर किती? इथे वळवलं तर किती? मॉडेल आकडा सांगतं. साडू मान तिरकी करतो, कोपऱ्यातलं काहीतरी पुसतो, पुन्हा विचारतो. आकडा वाढतो. दोघांचं फार छान जमतं. पाच-साडेपाचपर्यंत कधी कधी साडू एकटाच हसतो, जुन्या मित्राबरोबर बसल्यासारखा. का तसं वाटलं हे मॉडेल सांगू शकत नाही. साडूलाही कधी सांगता आलं नव्हतं. बहुधा म्हणूनच त्यांचं जमलं. बाई म्हणतात, असं काम कंपनीत आजवर झालं नाही, आणि पुढच्या फेरीतल्या यादीवर दोघांची नावं घालू म्हणतात: एक साडूचं, एक मॉडेलचं.

ज्याने ओळख करून दिली तो मागे उभा असतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. परवा मी समोरून बघितलं, की तो साडूकडे बघतच नव्हता. तो स्क्रीनकडे बघत होता, नेहमी साडूकडे बघायचा तसा. मग त्याने साडूच्या पाठीमागे दाबला गेलेला आपला स्वेटर हळूच ओढून काढला आणि अंगात घातला.